शिट्टी गार्गीच्या बाबांची

माझ्या सख्ख्या मुलीनं आयुष्यातला पहिला गोल मारला आणि तो मी रद्द केला.

नियमानं केला, हे आधीच सांगून ठेवतो. शेंद्र्याच्या कंपनीत माझं काम म्हणजे तयार मालात खोट काढायची आणि तो परत पाठवायचा. त्यामुळं आमच्या कॉलनीनं सहा-सात वर्षांच्या पोरांची रविवारची फुटबॉल लीग काढली, तेव्हा रेफरी म्हणून सगळ्यांनी माझ्याकडंच बोट दाखवलं. (फुटबॉल मी कधी खेळलो नव्हतो. ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.) गुलमंडीवर जाऊन चांगली पितळी शिट्टी आणली, मोबाइलवर नियम पाठ केले आणि आरशासमोर उभं राहून कार्ड दाखवायचा सराव केला. बायको, अर्चना, म्हणाली, "अहो, लेकरं आहेत ती. वर्ल्डकप नाही."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो.

खरं तर आम्हा दोघांना घोर वेगळाच होता. बिडकीनहून इथं राहायला आल्यापासून गार्गी घराबाहेर कुणाशी बोलतच नव्हती. तिकडं दिवसभर तोंडाची टकळी चालू असायची. इथं पोरीची जणू दातखीळ बसली. कॉलनीतली पोरं हाका मारायची आणि ही दाराआड उभी. खेळाच्या निमित्तानं तरी कुणाशी गट्टी जमेल म्हणून आम्ही तिचं नाव घातलं होतं.

सामना सुरू झाला आणि मला कळलं की या वयाच्या फुटबॉलमध्ये दोन संघ नसतातच, एकच घोळका असतो. चेंडू जाईल तिकडं सगळी पोरं, गुळामागं मुंगळे तशी! मी शिट्ट्यांचा सपाटा लावला. चेंडू आत फेकताना पाय उचलला, शिट्टी. हात लागला, शिट्टी. एक जण मधेच आईकडं पाणी प्यायला गेला, त्याला विनापरवाना मैदान सोडल्याबद्दल पिवळं कार्ड दाखवलं. त्यानं ते माझ्या हातातून घेतलं, खिशात घातलं आणि शेवटपर्यंत परत दिलं नाही.

गार्गी मात्र घोळक्यात गेलीच नाही. ती समोरच्या गोलपाशी एकटी उभी राहून टी-शर्टची कड चावत होती. तिथला गोलकीपर, ओम, खाली बसून मातीचा किल्ला करत होता. तेवढ्यात घोळक्यातून चेंडू निसटला तो थेट तिच्या पायाशी. तिनं इकडं तिकडं पाहिलं, डोळे मिटले आणि लाथ घातली. गोल!

सगळी पोरं तिच्याकडं धावली, अगदी दोन्ही संघांची. (गोल आपल्यावर झालाय हे दुसऱ्या संघाला कुणी सांगितलंच नव्हतं.) ओमसुद्धा किल्ला सोडून नाचायला आला. गार्गी हसली. अर्चनानं पदर डोळ्याला लावला.

आणि मी शिट्टी फुंकली. ऑफसाइड.

गार्गी रडली नाही, तेच वाईट. मुकाट चालत जाऊन आईच्या स्कूटीवर पाठमोरी बसली. मी मागं गेलो. "बाळा, चेंडू आला तेव्हा तुझ्यापुढं त्यांचे दोन जण पाहिजे होते."

"पुढं कुणीच नव्हतं," ती म्हणाली, "म्हणून तर मारला."

एवढ्यात ओमचे आजोबा, आबा, धोतर सावरत मैदानात आले. "साहेब, गोल आमच्या नातवावर झाला. त्याची तक्रार नाय, माझी नाय. मग तुमचीच कामून?"

"आबा, नियम आहे."

"आमच्यात ल्हान लेकरू खेळायला घेतलं की त्याला कच्चा लिंबू म्हणायचं. खेळू द्यायचं, बाद धरायचं नाय. करा पोरीला कच्चा लिंबू."

झालं! "मग आमचा चिंटूपण," एक आई म्हणाली. "आमची तर त्याच्याहून लहान आहे," दुसरी म्हणाली. ओमच्या गल्लीतले रफिकभाई म्हणाले, "साब, हमारा तो अभी तक लेस बी नहीं बांधता." बघता बघता मैदानावरची सगळी पोरं कच्चा लिंबू झाली.

"अहो, मग कुणालाच बाद धरायचं नाही तर मी इथं कशाला?" मी विचारलं.

"मी कवाचा तेच म्हणतो," आबा म्हणाले.

पण गार्गी काही हलेना. शेवटी ओम पळत स्कूटीपाशी गेला. "चल ना, परत मार. मी बाजूला सरकतो."

गार्गीनं मान वळवली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "आधी माझ्या बाबांना कच्चा लिंबू करा. शिट्टी वाजवू द्या, पण कुणी ऐकायचं नाही!"

टाळ्या पडल्या. गार्गी उडी मारून उतरली आणि जाता जाता ओमला दटावायलाही लागली, "असा काय थांबतो? हात पसर!" माझा इतका जाहीर पाणउतारा कधी झाला नव्हता आणि इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं. अर्चना म्हणाली, "बघा, टकळी सुरू झाली."

अंधार पडेपर्यंत पोरं खेळली. किती गोल झाले, कुणी कुणावर केले, देवाला ठाऊक. कॉलनीचं मत असं पडलं की आजचा रेफरी एकदम झकास होता. पुढच्या रविवारीही मलाच बोलावलंय, फक्त येताना शिट्टी घरी ठेवा म्हणालेत.