सुटणारा हात

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. दाजींचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, उजवा हात उसाच्या चरकात मनगटापासून गेला. चार एकर रान पडीक राहायची वेळ आली. मी वाशीचा लोहार. छाती ठोकून म्हणालो, हात मी करून देतो.

थोट्या मनगटावर बसणारी लाकडाची वाटी, खांद्यावरून चामड्याची वादी आणि पुढं लोखंडी कडं. कड्यात नांगराचं रुमणं, म्हणजे धरायची मूठ, अडकवून वरून खिळा ठोकायचा. बैलगाडीच्या चाकांवर तापवलेली लोखंडी धाव चढवण्यात माझा जन्म गेलेला. धाव हलली की लोहाराची अब्रू गेली, एवढंच मला ठाऊक.

"पाव्हणं, जरा ढिलं ठिवा," दाजी म्हणाले.

"ढिलं काम म्या करत न्हाय!" मी त्यांच्यावरच खेकसलो.

तीन दिवस नांगराचं तास अगदी सरळ निघालं. लोक बघायला यायचे आणि मी बांधावर मिशीला पीळ देत बसायचो. चौथ्या दिवशी फाळ दगडावर खाडकन आदळला आणि बैल उधळले. धडधाकट माणूस अशा वेळी रुमणं सोडून देतो. दाजींना सोडता येईना. बैलांनी त्यांना नांगरासकट शेताच्या टोकापर्यंत फरफटत नेलं. मी विळ्यानं वादी कापली तेव्हा खांदा निखळला होता आणि रक्तामातीनं तोंड ओळखू येत नव्हतं. बहिणीनं चाबूक उचलला आणि मला सपासप फोडून काढलं. मी हात आडवा धरला नाही. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

खांदा बरा व्हायला पाच महिने गेले. तेवढ्यात मी दुसरा हात केला. खिळ्याऐवजी पोलादी पट्टी, हिसका बसला की उघडणारी.

"दादा, आधी तू बांध," बहीण म्हणाली.

मी मूठ वाटीत खुपसली, कडं रुमण्यावर बसवलं. तिनं बैलांच्या पाठीवर चाबूक ओढला. हात सुटला, मी तोंडावर आपटलो, ओठ फाटला.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा आपटलो तेव्हा कुठं तिनं तो नवऱ्याला घालू दिला.

आता तास वाकडंतिकडं पडायचं. साध्या ढेकळालाही पट्टी उघडायची, आणि मागून चालणारी बहीण दर वेळी ओरडायची, "सुटला!" लोक हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी न राहवून पट्टी आवळायला पक्कड घेऊन गेलो.

दाजींनी हात मागं घेतला. "ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. दिवसातनं चार बार सुटला, तरच तिला रातचं झोप लागती."