निंगप्पा जॉबरची गाठ

मागाच्या अंगावर तळहात ठेवला की निंगप्पाला त्याचं दुखणं कळायचं. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. आणि हा वैद्य असा, की रोग्याला तोंडच उघडू द्यायचा नाही. लोकांच्या कारखान्यांत तीस वर्षं काढून त्यानं घरामागच्या पत्र्याच्या शेडात स्वतःचे चार माग घातले, टॉवेलचे. त्याचा एक नियम होता. बाद झालेला भाग तिथल्या तिथं हातोड्यानं मोडायचा. नाहीतर घाईच्या वेळी कुणीतरी तोच उचलून बसवतो आणि माग माणसाची बोटं खातो. निंगप्पाची अर्धी करंगळी अशीच गेली होती, त्यामुळं नियमावर वाद घालायची सोय नव्हती.

इंजिनियरिंगला असलेल्या पुतणीनं, राजेश्वरीनं, एक जुना कॉम्प्युटर जुळवून त्याच्या पुढच्या खोलीत फळीवर बसवून दिला होता. ती त्याला घरचा सर्व्हर म्हणायची, निंगप्पा डबा म्हणायचा. शेडातल्या कॅमेऱ्याचं सगळं रेकॉर्डिंग त्यातल्या हार्डडिस्कवर जमा व्हायचं. फळी होती शेडाला लागून असलेल्या भिंतीवर. चारी माग चालू झाले की भिंत थरथरायची आणि फळीवरचा डबा गुणगुणायला लागायचा. आतल्या केबली लोंबताना बघून निंगप्पाला राहवलं नाही. त्यानं सुतानं त्या करकचून आवळल्या, सूत ताणून भिंतीतल्या खिळ्याला गाठ मारली आणि खंडेनवमीला डब्याला विभूतीही लावली. आपल्याकडून काही कमी ठेवलं नाही.

मार्चमधल्या एका दुपारी निंगप्पा नव्या पेठेत गेला असताना रावसाहेब शेडात पडला. अकरा वर्षं निंगप्पाकडं माग चालवणारा माणूस. डोकं मागाच्या लोखंडी चौकटीवर आपटलं, तिसऱ्या दिवशी गेला. कसा पडला म्हणून दवाखान्यात कुणीतरी विचारलं, तेव्हा निंगप्पा, ज्यानं काहीच पाहिलं नव्हतं, तो म्हणाला, "प्याला असंल. जुनी सवय." रावसाहेबाचा देह घरी पोचायच्या आधी ते वाक्य गल्लीत पोचलं होतं.

रावसाहेबाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याची बायको शालन दारात आली.

"मालक, चार वर्सं झाली त्यांनी सोडलेली. तुमच्या डब्यात समदं दिसतंय म्हणं. मला त्यांची चाल बघायचीय. नीट चालत आले का, तेवढंच."

"उद्या दाखवतो की."

दुसऱ्या दिवशी डबा सुरू केला तर पडद्यावर आलं, डिस्क सापडत नाही. मग सापडली. मग परत गेली. निंगप्पानं डब्याला कान लावला. टक्. थोडा वेळ काही नाही. टक्. त्यानं मान हलवली. रोग कळला होता.

राजेश्वरीला फोन लावला तो सल्ला घ्यायला नव्हे, कळवायला.

"काका, आधी केबल काढून परत दाबून लावा. ती ढिली असली तरी असंच होतं. शनिवारी मी येते, तोवर हात लावू नका."

"केबल मी बांधलीया. ती ढिली करायला तुझ्या आज्जाला यावं लागंल."

"आजोबा गेलेत काका."

"म्हणूनच म्हणलं."

संध्याकाळी शालन आली. "डिस्क बाद झाली, शालनबाई. न्हाय दिसायचं आता," तो म्हणाला.

"कुणी बघितलं?"

"मी."

ती आल्या पावली परत गेली. निंगप्पानं नवी डिस्क आणून बसवली. जुनी परसातल्या दगडावर ठेवली आणि नियमाप्रमाणं हातोडा घातला.

तिसऱ्या दिवशी नवी डिस्कही टक् म्हणाली.

शनिवारी राजेश्वरी आली. तिनं माग बंद करायला लावले. शेड गप्प झालं आणि पडद्यावर डिस्क दिसली. माग सुरू केले, डिस्क गेली. मग तिनं कातरी घेऊन सूत कापलं. केबल आपसूक निसटून लोंबायला लागली, पिकलं पान देठातून सुटावं तशी.

"गाठ पक्की होती काका," ती म्हणाली. "भिंत हलली की ती केबलीला ओढायची. रोज केसभर." तिनं केबल दाबून बसवली. माग धडधडत राहिले, डिस्क जागची हलली नाही. "म्हणजे जुनीला काही झालेलं नाही. आणा ती. सगळं निघेल त्यातलं."

निंगप्पानं परसाकडं पाहिलं.

"काका, जुनी कुठाय?"

परसात तिनं डिस्कमधल्या दुमडलेल्या चकत्या हातात घेऊन पाहिल्या आणि परत दगडावर ठेवल्या. काका म्हणून हाकही मारली नाही.

गल्लीला एवढं पुरलं. निंगप्पाच्या हाताला तीस वर्षांत मिळाली नव्हती एवढी शाबासकी त्या आठवड्यात मिळाली. चहाच्या टपरीवर जो तो म्हणायचा, निंगप्पा जॉबरचा हात कधी चुकलाय का? मुद्दामच मोडली. आत काय होतं ते त्याला माहीत होतं.

शेवटी त्यानं तुकडे एका टॉवेलात बांधले आणि शालनकडं गेला. ती उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. गाठोडं तिच्यापुढं ठेवून तो म्हणाला, "लोक काय बी म्हणत्यात. मी मुद्दाम न्हाय मोडली."

"ठावं हाय मला."

त्याला बरं वाटलं. तेवढ्यापुरतंच.

"मुद्दाम मोडली असती तर बरं झालं असतं, मालक," शालन ताटातला खडा बाजूला टाकत म्हणाली. "आदी बघून तरी मोडली असती. ते कसं चालत आले ते एका माणसाला तरी ठावं असतं."

तिनं गाठोडं सोडलं आणि तुकडे आपल्याकडं ठेवून घेतले. टॉवेल रावसाहेबाच्याच मागावरचा होता. तो तिनं झटकला, काठाला काठ लावून घडी घातली आणि परत दिला.