राहिलेली किरणं

माझी भाची सकाळी उठली की उलटी करायची आणि मग दिवसभर ठीक असायची. म्हणून कुणाला काही विशेष वाटलं नाही. दादा आणि वहिनी बेंबळीत दुसऱ्याच्या रानात मजुरीला जात, मी धाराशिवला कंत्राटी नोकरीत. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं औषध दिलं, मग जंताचं. पुढं पोरगी भिंतीला धरून चालायला लागली. शेजारणी म्हणाल्या, शाळा चुकवायची नाटकं. वहिनीला ते पटत नव्हतं, पण सोयाबीनची काढणी चालू होती, आणि ऐन काढणीत घरी बसणाऱ्या बाईला पुन्हा कुणी कामाला बोलवत नाही.

एका रविवारी मी गेले, तेव्हा ती तांब्या उचलायला वाकली आणि हात तांब्याच्या बाजूनं गेला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तसंच. ती हसली. मी दादाला म्हटलं, हिला सोलापूरला दाखवू.

सोलापूरला डोक्याचा स्कॅन काढला. डॉक्टरांनी दादाला आधी खुर्चीवर बसायला सांगितलं, तिथंच तो घाबरला. तोवर कुठल्याच डॉक्टरनं त्याला बसा म्हटलं नव्हतं. मेंदूच्या मागच्या भागात गाठ होती. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, चांगलं झालं. पण गाठ परत येऊ नये म्हणून आता पुण्याला जाऊन मशीनखाली किरणं घ्यायची, रोज घ्यायची, मधे खंड पडू द्यायचा नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं.

किरणंही योजनेत बसली. पण पुण्यात इतके आठवडे राहायचं कुणी? शेवटी वहिनी लेकीला घेऊन धर्मशाळेत राहिली आणि दादा गावात धाकट्या लेकाला सांभाळत कामाला जात राहिला. गावात कुजबुज सुरू झाली. विजेनं डोकं भाजतात म्हणे, पोर येडी होईल, उद्या तिला पदरात कोण घेईल. दादा रोज हे ऐकत होता. त्यातच धाकटा तापानं फणफणला आणि वहिनी लगेच परतते म्हणून लेकीला घेऊन गावी आली.

पोरगी बरी दिसत होती. अंगणात एकटी चालत होती, भाकरी मागून खात होती. त्या बरं दिसण्यानंच घात केला. धाकट्याचा ताप उतरला तरी परत जायचं कुणी नाव काढेना. मला कळलं तशी मी बेंबळीला गेले.

"आता बरी हाय की," दादा म्हणाला. "बऱ्या लेकराला कशापायी जाळायचं?"

"दादा, अर्धवट सोडू नका म्हणून सांगितलंय त्यांनी."

"मग तू ऱ्हातीस का तिच्यापाशी?"

मी रजा मागितली. कंत्राटी माणसाला रजा मिळायला वेळ लागतो, तो लागला. मग मीच तिला पुण्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी फाईलवर मधे पडलेला खंड पाहिला आणि चुकलेले दिवस बोटानं मोजले. शेवटी म्हणाले, राहिलेली किरणं देऊ. ती आम्ही पूर्ण केली.

थंडी सरली तसं तिला पाठीत दुखायला लागलं. खेळताना पडली असेल, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं; मीही मान डोलावली. मग पायांतलं बळ गेलं. आजार मणक्यात उतरला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. उन्हाळ्यात, वहिनीच्या मांडीवर, ती गेली.

त्याआधी शेवटच्या भेटीत दादानं डॉक्टरांना विचारलं होतं, "मधी थांबलो म्हणून झालं का हे?"

"तसं सांगता येत नाही," ते म्हणाले. "खंड न पडताही कधी कधी परत येतं."

मी गावी गेले की दादा अजून मला त्या वाक्याचा अर्थ विचारतो. सांगता येत न्हाय म्हंजी व्हय का न्हाय? तो विचारायला लागला की वहिनी हातातलं काम तसंच टाकून बाहेर जाते. मी काहीतरी बोलते. तो ऐकून घेतो, आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारतो.