हलवलं म्हणजे काय

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हिने मला सांगितलं, "दूध हलवा जरा." मी पातेलं शेगडीवरून उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. हलवलं की! ती आधी माझ्याकडे, मग पातेल्याकडे बघत राहिली, आणि मग पोट धरधरून हसली. तेव्हापासून आमच्या घरात दूध कधी सरळ हललेलं नाही. ती सांगते, मी पातेलं उचलतो, ती कपाळावर हात मारून घेते. विनोद शिळा झाला असेल, पण मला अजून पुरतो.

ही दुभाषी. दवाखाना, कोर्ट, कारखाना, जिथे एकाला आपलीच भाषा येते आणि दुसऱ्याला इंग्रजीच, तिथे मध्ये ही बसते. मी शिवणयंत्रं दुरुस्त करतो. माझं इंग्रजी 'नीडल'पासून सुरू होतं आणि 'बॉबिन'ला संपतं. पण हिच्या संसारात एवढं कळलं की हलवण्याच्या बाबतीत इंग्रजी फार चोखंदळ आहे. आपण चहा हलवतो, औषधाची बाटली हलवतो, कपाट हलवतो, झोपलेल्याला हलवतो, आजाऱ्याला दवाखान्यात हलवतो. एकच शब्द थोरल्या सुनेसारखा घरभर राबतो. त्यांच्याकडे प्रत्येक कामाला वेगळा गडी. चमचा फिरला की 'स्टर'. बाटली मुठीत धरून खालीवर केली की 'शेक'. लोण्यासाठी घुसळलं की 'चर्न'. टाकीत पातं फिरून रंग तळाशी बसू देत नाही ते 'अ‍ॅजिटेट', आणि पुढारी कामगारांना पेटवतो तेही म्हणे 'अ‍ॅजिटेट'.

"मग 'डिस्टर्ब' म्हणजे?" मी एकदा विचारलं.

"मी काम करत असताना तुम्ही येऊन विचारता ते," ती म्हणाली.

हे सगळे शब्द हिच्या हातात असतात. खरंच हातात. समोरचा बोलत असतो तेव्हा टेबलाखाली हिची बोटं चाललेली असतात. ढवळण्याचा शब्द आला की बोट गोल फिरतं, ओढण्याचा आला की मूठ मागे येते. हाताला शब्द पटला की मगच तोंड उघडायचं, ही हिची रीत. इतक्या वर्षांत हिच्या तोंडून चुकीचा शब्द गेला नाही असं लोक म्हणायचे, आणि मी चारचौघांत ते दुप्पट करून सांगायचो. बायकोचं कौतुक करताना मी हात आखडता घेत नाही.

मग कापड रंगवण्याच्या कारखान्यातली ती चौकशी आली. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, रंगखात्यातले सगळे कामगार बाहेर अंगणात येऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत आत गेले नाहीत. मॅनेजर म्हणाला, एका रंगाऱ्याने त्यांना भडकवून काम बंद पाडलं, कारण त्याच आठवड्यात त्याचं मॅनेजरशी वाजलं होतं. रंगारी म्हणाला, टाकीतून कसला तरी वास येत होता, माणसं सुस्त पडली होती, म्हणून मी त्यांना बाहेर काढलं. मॅनेजर बघायला गेला तोवर खिडक्या उघड्या होत्या आणि वासाचा मागमूस नव्हता. चिथावणी शाबीत झाली असती तर रंगाऱ्याची नोकरी गेलीच असती, वर दुसऱ्या कुठल्या कारखान्याने त्याला दारात उभं केलं नसतं.

चौकशीचा साहेब मुख्य कचेरीतून आलेला, इंग्रजीशिवाय एक अक्षर न येणारा. म्हणून ही. मी स्कूटरवरून सोडायला गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसलो. उकाड्यामुळे खोलीचं दार उघडंच होतं. बाकावर रंगाऱ्याची आई होती. लेकासाठी डबा आणलेला, तो मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलेली. बाजूला ठेवा म्हटलं तरी ठेवीना.

मॅनेजरने साक्षीला रंगखात्यातला एक म्हातारा कामगार आणला होता. शब्द खर्चायला जिवावर यायचं, म्हणून सगळे त्याला मौनीकाका म्हणायचे. साहेबाने विचारलं, त्या दुपारी या माणसाने काय केलं? मौनीकाका म्हणाले, "त्यानंच सगळ्यांना हलवलं. नाहीतर आमच्यातला एक उठला नसता."

हिने ते इंग्रजीत सांगितलं. मला त्यातले 'स्टर्ड' आणि 'अप' एवढेच शब्द ऐकू आले. मॅनेजर खुर्चीत ऐसपैस रेलला. समोर बसलेला रंगारी मान डोलावत होता, काका आपल्या बाजूने बोलले म्हणून. आईने मला विचारलं, "बरं बोलले ना काका?" मी म्हटलं, छान बोलले. मलाही तसंच वाटलं होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर ही विळीवर बसली. भाजी चिरता चिरता म्हणाली, "दूध हलवा." मी नेहमीप्रमाणे पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं आणि कपाळावरच्या हाताची वाट बघत राहिलो. हात आला नाही. हिने विळी बाजूला सारली आणि पातेल्याकडे बघत उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"अहो, मी चुकले," ती म्हणाली.

मला काही उमगेना. मग तिने समजावलं. 'स्टर' म्हणजे चमच्याने ढवळणं. पण त्याला 'अप' चिकटवलं की तळाचा गाळ वर काढणं, माणसं भडकवणं. दिवसभर खोलीत संप, चिथावणी, बंड हेच चाललं होतं. काका 'हलवलं' म्हणाले, 'उठला नसता' म्हणाले, आणि ही त्याच सुरात वाहत गेली. "बोलताना त्यांच्या मुठी वळल्या होत्या. मी बघितल्या होत्या. तरी तोंडातून भलतंच गेलं."

मी म्हटलं, कोणाच्या लक्षात आलंय?

"माझ्या आलंय," ती म्हणाली, आणि पुन्हा विळीवर बसली.

दुसऱ्या दिवशी साहेब निकाल सांगणार होता. ही खुर्चीवर बसलीच नाही. उभ्याउभ्या आधी इंग्रजीत बोलली, मग रंगाऱ्याला कळावं म्हणून आपल्या भाषेत: "काल साक्षीतल्या एका शब्दाचा अर्थ मी माझ्या मनाने ठरवला. तो चुकीचा असू शकतो. काकांना परत विचारा."

मॅनेजर तडकला. साक्ष संपली म्हणाला. तुम्हाला इथे आम्ही बोलावतो हेही त्याने आठवण करून दिल्यासारखं सांगितलं.

"साक्ष संपली असेल. माझं काम नाही संपलेलं," ही म्हणाली.

साहेबाने चष्मा काढला आणि हिला काहीतरी विचारलं. ते हिने मला नंतर सांगितलं. काकांचा अर्थ तुम्ही काल सांगितलात तोच निघाला तर? ही म्हणाली, तर परत तेच सांगेन. मी बाहेर बसून घामाघूम. काकांना खरंच भडकवणं म्हणायचं असेल तर त्या पोराला दुसऱ्यांदा खिळा ठोकल्यासारखं होणार होतं, आणि हातोडा आमच्या घरचा. त्याची आई माझ्या तोंडाकडे बघत होती. या वेळी मी छान वगैरे काही म्हटलं नाही.

मौनीकाकांना कामावरून तसेच उठवून आणलं. कोपरापर्यंत हात निळे, अजून ओले.

"काका, काल तुम्ही म्हणालात, त्याने सगळ्यांना हलवलं. हलवलं म्हणजे काय?" हिने विचारलं.

काकांनी सगळ्यांकडे असं बघितलं, जणू एवढ्या शिकलेल्या माणसांना हेही येत नाही. मग दोन पावलं पुढे गेले, जवळच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले. खुर्चीत मॅनेजर होता.

"असं," काका म्हणाले.

आणि मग गडी जन्मात बोलला नसेल तेवढं बोलला. "जेवून आडवे झालो होतो. डोकं जड, डोळा उघडेना. हा आला नि एकेकाला धरून हलवत सुटला. मला तर कानाखाली पण दिली. नाहीतर साक्षीला मी कुठला असतो?"

हिने ते इंग्रजीत सांगितलं. टेबलाखाली नव्हे, टेबलावर, दोन्ही मुठी वळून. 'शेक' केलं या अर्थाने 'शुक' म्हणाली, जागं केलं म्हणून 'अवेक' म्हणाली. 'अप'चा पत्ता नव्हता. साहेब मॅनेजरच्या पांढऱ्या शर्टावर उमटलेल्या निळ्या पंजांकडे बराच वेळ बघत होता. मग त्याने विचारलं, ती टाकी कुठे आहे?

टाकीची झाकणं फुटकी निघाली, वास तिथूनच सुटत होता. रंगाऱ्याची नोकरी राहिली. त्याच्या आईने त्या दिवशी बाकावरच डबा उघडला आणि लेकाच्या आधी पहिला घास माझ्या हातावर ठेवला. मी काय केलं होतं? पण नाही म्हणवलं नाही.

त्या कारखान्याने हिला पुन्हा बोलावलं नाही. गावभर झालं, दुभाषीण चुकली. परवा दुकानात यंत्र घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकाने मला दबकत विचारलं, खरं का हो? तुम्ही तर म्हणायचात, कधी चुकत नाहीत.

मी हातातला पाना खाली ठेवला आणि आजूबाजूच्या दुकानांत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "चुकली. आणि दुसऱ्या दिवशी उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं. आता बसा, सगळं सांगतो."