झाकणाला भोकं पाडलेला डबा

फोन आला तेव्हा मी पणदऱ्यात, सासरी, म्हशीपुढं पेंड ठेवत होते. पलीकडून भावजय सुमन, रडायच्या आधीच म्हणाली, "वन्सं, हे गेले... कुणी विचारलं तर हार्ट अटॅक सांगा." मी पाटी तिथंच टाकून निघाले. आता महिना उलटलाय, खरं तेच सांगते. माझा धाकटा भाऊ नामदेव हार्ट अटॅकनं गेलेला नाही.

नामा इंदापूरकडं उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. कंबर धरली म्हणून दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. कंबर सुटली, गोळ्या सुटेनात. पुढं चिठ्ठीशिवाय मेडिकलवाला देईना, तेव्हा कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं, विंचवाच्या डंखानं तलफ भागते. आम्हाला कुठलं हे ठाऊक? आम्हाला एवढंच दिसायचं, की याला विंचू फार चावतात! सुमननं खंडोबाला नवस बोलला. आम्ही बहिणींनी तर विंचू मारायला जाऊन घरामागचा दगडी बांधच उपसला. नामा बिस्किटाचा डबा घेऊन उभा. "मारू नका गं, जीव हाय त्यो. मी लांब सोडून येतो." मी आपली कौतुकानं, "चावणाऱ्यावर बी माया करतो बघा आमचा नामा!" तो हसला... डबा मात्र घरातच राहिला. एके दिवशी सुमननं त्याचं बोट त्या डब्यात पाहिलं.

"आक्का, चैन म्हणून न्हाय गं," मला म्हणाला, "गोळी न्हाय मिळाली की अंग फाटतं." बारामतीच्या दवाखान्यात औषध सुरू झालं. माणसात आला होता. मग गोष्ट बाहेर फुटली, एका लग्नात पाहुणे हसले, "या विंचूराव, बसा!" त्या दिवसापासून तो दवाखान्यात गेला नाही. घरात लपून पुन्हा गोळ्या, पुन्हा विंचू, आणि एका दुपारी श्वासच थांबला.

दहाव्याला सुमन म्हणाली, डबा कालव्यात टाका. मी तो रिकामा करून पणदऱ्याला आणला आणि सोप्यात, येणाऱ्याच्या नजरेसमोर फळीवर ठेवला. विचारेल त्याला सगळं सांगते. पोरं म्हणतात, घराण्याची अब्रू जाते. जाऊ दे की! ती झाकता झाकता माझा भाऊ गेला.

परवा शेजारची कमल सगळं ऐकून झाकणाच्या भोकांवरनं बोट फिरवत राहिली. चहा निवला. मग हळूच म्हणाली, "आक्का, आमच्या ह्यांच्या बी गोळ्या सुटंनात... तो दवाखाना कुठं हाय?"

"ऊठ, चप्पल घाल. त्यास्नी बी हाक मार," मी म्हणाले.

तिघं एसटीनं बारामतीला जाऊन आलो. संध्याकाळी डबा पुसून परत फळीवर ठेवला. झाकण तेवढं लावत नाही आता.