तीनदा सरकवलेली अक्षरं

मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण वाशीच्या कांदा मार्केटात तीस वर्षं आमच्या गाळ्यावरचं पोतं माझ्या चिठ्ठीशिवाय हललं नाही. गिऱ्हाईक समोर असलं की माल कसा आहे ते शेठला लिहून द्यायचं. गिऱ्हाइकाला वाचता येऊ नये म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी मुळाक्षरांतलं पुढचं. डागी कांदा असला की मी ‘ढाघी’ लिहायचो.

गेल्या वर्षी बायकोचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून मला सांगितलं, गाठ आहे, पसरलीय, कापून उपयोग नाही. तिला कळू द्यायचं नाही, हे मी लिफ्टमध्येच ठरवलं. मुलगा पुण्याला. कोपरखैरण्याच्या आमच्या दोन खोल्यांत फोनवर सांगावं तर मला ऐकू कमी येतं, त्यामुळं मी ओरडतो. म्हणून तो रविवारी येईपर्यंत डॉक्टरांचं बोलणं कॅलेंडरच्या पानामागं लिहून ठेवलं. अक्षरं एकदा सरकवली, मग तीच पुन्हा, मग पुन्हा. तीन कुलपं. ‘गाठ’चं ‘चाण’ झालं. आता कुणाचा बाप वाचतोय, असं वाटलं.

महिना संपला, हे डोक्यातच नव्हतं. शनिवारी भाजी घेऊन आलो तर ती पान उलटायला काढलेलं कॅलेंडर मांडीवर घेऊन बसलेली.

“अहो, चाण म्हणजे काय?”

“मार्केटचं आहे. तुला नाही कळायचं.”

“जन्मभर तुमच्या खिशातल्या चिठ्ठ्या काढूनच सदरे धुतले मी. एक अक्षर मागं यायचं, एवढं कळतं.”

“हे तीनदा केलंय!” मी म्हणालो. ताठा, दुसरं काय.

“तीनदा करा नाहीतर तेरा वेळा. एकदम तीन घरं मागं आलं की झालं. कुलूप एकच आहे, तुम्ही नुसते तीनदा दारापाशी जाऊन आलात.”

तिनं बोट ठेवून दाखवलं. च, ङ, घ, ग. कुठंही अडखळली नाही. सकाळीच वाचून झालं होतं तिचं.

“उद्या पोराला सरळ सांगा,” ती म्हणाली. “पण आधी मला. तुमच्या तोंडानं.”

मार्केटात माझी हाक पाच गाळ्यांपलीकडं जायची. पिशवी हातात धरून मी दोनदा सुरुवात केली. ‘गा’च्या पुढं जाईना.

“गाठ,” तीच म्हणाली.

मी मान डोलावली.