ग्राफिक्स कार्डाला आवाज नसतो

कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की मी उठून पाणी प्यायला जाते. अजूनही. लिंबू-मिरची, उतारा, अंगात येणं... मला हसू येतं, आणि सांगणारा फारच रंगात आला तर डोकं फिरतं. त्यामुळे आज इथे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, भर सकाळी, आणि घरात आम्ही तिघंही चांगले शुद्धीवर होतो.

साल दोन हजार चार-पाच असेल. आम्ही तुळिंजला राहायचो, नालासोपारा पूर्वेला, वन रूम किचनमध्ये. बाबा नोकरीसाठी रोज मुंबईला जायचे. मूळचे आम्ही देवगडचे. मी कॉलेजात होते आणि मला वेड होतं गाड्यांच्या रेसच्या गेम्सचं. आत्या तर तोंडावर म्हणायची, "मुलीच्या जातीला हे कसले गं नाद?" मी म्हणायचे, "आत्या, तू पण एक रेस खेळून बघ, मग बोल."

आमचा कॉम्प्युटर असेंबल केलेला. घेतला तेव्हा त्याचा काय थाट होता! पण नवी गेम टाकली आणि त्याने मानच टाकली. गाडी वळणाला पोचेपर्यंत मी आत जाऊन चहा गाळून आणावा, अशी गत. बाबांना नवीन मशीनचं विचारलं तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आहे त्यात काय ते कर. माझ्याकडे बघू नकोस."

झालं. मी बिल्डिंगमधल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायचे, तेवढंच माझं बजेट. आधी सेकंडहँड रॅम टाकली. फरक पडला, पण नावापुरता. मग कळलं की खरं दुखणं वेगळंच आहे. आमच्या मशीनला स्वतंत्र ग्राफिक्स कार्डच नव्हतं, आणि मदरबोर्डवर त्याची जागा रिकामी पडली होती. बस्स, त्या रिकाम्या जागेने माझी झोप उडवली. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जायचं, भाव विचारायचे आणि हात हलवत परत यायचं, असं बरेच दिवस चाललं.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आमच्या बिल्डिंगला अर्थिंग म्हणजे नुसतं नावाला. अनवाणी पायांनी कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या यायच्या. बाबा म्हणायचे, करू एकदा. ते एकदा काही येत नव्हतं. म्हणून घरचा नियम, कॉम्प्युटरसमोर रबरी चपला. आमची आई, जी पाहुण्यांच्याही चपला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे, तिने स्वतः एक स्वच्छ जोड टेबलाखाली ठेवला होता.

दसऱ्याच्या तोंडावर केबलवाल्याच्या चॅनेलवर खाली पट्टी फिरली — कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणे आहे, माणिकपूर. मी जेवण अर्धं टाकून फोन लावला!

माणिकपूरचे काका भला माणूस. मुलगा बंगलोरला नोकरीला लागला, लॅपटॉप घेतला, म्हणून हे सगळं विकायला काढलेलं. कार्ड जुनं होतं पण माझ्या मशीनला चालणारं होतं, आणि माझ्या आवाक्यातलं. खोक्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. मी बघत राहिले तर काका हसले.

"आमच्या मंडळींचं काम. म्हणते, घरातली वस्तू अशीच नाय पाठवायची. बाजारात गेलीये ती, नायतर चहा पाजला असता."

म्हणजे काकींना मी तेव्हा पाहिलंही नाही आणि त्यांचा आवाजही ऐकला नाही. हे मी मुद्दाम सांगतेय.

दसऱ्याच्या सकाळी, मुहूर्तावर, मी कार्ड बसवलं. ड्रायव्हरची सीडी काकांकडेच राहिली होती, त्यामुळे स्क्रीनवर सगळं बटबटीत, मोठ्ठं दिसत होतं. पण चालू झालं! मी नाचलेच. आईला म्हटलं, बंद नको करूस, चालू मशीनचीच पूजा कर, मुहूर्ताला तोंड उजळलेलं दिसू दे त्याचं.

आईने नुकतीच लादी पुसली होती. फुलाने पाणी शिंपडलं, झेंडूची माळ मॉनिटरवर घातली. आणि पूजा म्हटल्यावर चपला कशा चालतील? तिने आधीच त्या काढून बाहेर ठेवल्या होत्या. आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. बाबांनी रेडिओवरच्या बातम्या संपल्या म्हणून रेडिओ बंद केला आणि घंटी हातात घेतली. ओल्या लादीवर अनवाणी उभ्या असलेल्या आईने ओलं बोट कुंकवात बुडवलं आणि कॅबिनेटच्या पत्र्याकडे नेलं.

तेवढ्यात स्पीकरमधून बाई ओरडली.

"बाई, थांब! पायाखाली पानी हाय!"

आईचा हात जागच्या जागी. कुंकू लादीवर सांडलं. बाबांच्या हातातली घंटी पडली, ती टेबलाखाली घरंगळत गेली. एवढा स्वच्छ, एवढा जवळून आवाज... जणू कुणी टेबलापाशीच उभं आहे.

"कोण बोललं गं?" आई कुजबुजली.

बाबांनी पहिल्यांदा आईला मागे ओढलं. मग चपला घालून टेस्टर आणला आणि पत्र्याला टेकवला. टेस्टरचा दिवा भक्कन पेटला. एरवीच्या मुंग्यांना तो जेमतेम मिणमिणायचा. मेन स्विच बंद करून त्यांनी भिंतीवरचा बोर्ड उघडला. आत अर्थिंगची वायर सुटून फेजच्या वायरीला चिकटली होती. माझ्या सकाळच्या प्लग काढ-घालीत हलली असावी. म्हणजे आख्ख्या पत्र्यात करंट. कार्ड बसवताना मी चपला घालून होते म्हणून वाचले. आई अनवाणी, ओल्या लादीवर, ओलं बोट...

बाबा तिथेच खाली बसले. नंतर किती तरी वेळ ते आईचा हात धरून होते, आणि आमच्या घरात असं कधी कुणी करत नसे.

माझं डोकं मात्र सुरू झालं होतं. शेजारचा टीव्ही? शेजारी गावाला गेलेले. गेममधला आवाज? गेम चालू नव्हती, आणि गेमला कुठलं मराठी येतंय! स्पीकर कधीमधी भलतेच आवाज पकडतात, मान्य. पण नेमकं हेच वाक्य? नवीन होतं ते फक्त कार्ड, आणि ग्राफिक्स कार्डाला आवाज नसतो हो. त्याचं काम चित्राचं.

आईने एकच धोशा लावला, "ते कार्ड घरात नको. परत कर."

"अगं त्याने वाचवलं तुला!"

"म्हणूनच नको. मला भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी मी रडकुंडीला येऊन कार्ड खोक्यात भरलं. आई माझ्यासोबत आली, मी वाटेतून परत फिरेन याची तिला खात्री होती. माणिकपूरला काकांचं दार उघडंच होतं. आत एक ठेंगणी बाई पाठमोरी, लादी पुसत होती. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि ती वळून म्हणाली,

"बाई, थांब! पायाखाली पानी हाय!"

तोच आवाज. तोच!! आईने माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. मला वाटत होतं, असलंच काही तर ते मेलेल्या माणसाचं असतं. ही तर समोर उभी, जिवंत, हातात फडकं घेऊन.

काका बाहेर आले. मी कसंबसं कालचं सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. पण ते बायकोकडे बघत राहिले, आणि काकी भिंतीला धरून हळूच खाली बसल्या.

"काल ही अशीच ओरडली," काका म्हणाले. "रेडिओवरच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या. ही दाराला तोरण बांधत होती. मी गॅलरीतून धावत आलो, तर घरात कोन नाय, लादी कोरडी ठाक. मी म्हटलं, कोनाला ओरडतेस? तर म्हणे, एका बाईचा हात दिसला. बोटाला कुंकू. हिरव्या बांगड्या, आनि मधेच एक लाल."

आईने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. तिने उजवा हात बाहेर काढला. हिरव्या बांगड्या, मधे एक लाल. नवरात्रात एक फुटली होती, आणि घरात हीच सापडली म्हणून तिने ती भरली होती.

काकी बघत राहिल्या आणि एकदम रडायलाच लागल्या. "मला वाटलं माझं डोकं फिरलं गं बाय... रातभर झोप नाय मला." आई त्यांच्याजवळ जाऊन बसली, तशीच, ओल्या लादीवर.

कार्ड परत दिलं नाही. आईनेच ते उचलून माझ्या पिशवीत घातलं. सीडी घेऊन आलो, बाबांनी त्याच आठवड्यात अर्थिंग करून घेतलं, गेम काय झक्कास पळायला लागली! पण ते सगळं राहिलं बाजूला. दर दसऱ्याला पूजेआधी आई माणिकपूरला फोन लावायची, "ताई, लावू का कुंकू?" आणि पलीकडून काकी विचारायच्या, "पाय कोरडे हायत ना?" मी हसायचे दोघींना.

कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. काकीही गेल्या, म्हातारपणाने, शांतपणे. त्यानंतरच्या दसऱ्याला आईने फोन हातात घेतला आणि तसाच ठेवला. वॉशिंग मशीनसमोर कुंकवाचं बोट घेऊन ती उभी राहिली. किती तरी वेळ. ती कशाची वाट बघतेय ते मला कळत होतं, आणि खरं सांगते, मीसुद्धा कान देऊन ऐकत होते. काही आलं नाही.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर खाली लिहा, मी भांडणार नाही. त्या दिवशी मी फक्त वाकले आणि रबरी चपला आईच्या पायाशी सरकवल्या. तिने त्या घातल्या, आणि मग कुंकू लावलं.